अर्धा लिटर दुधाचा हिशेब

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी राणी रामपालने आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती स्वीकारली. वयाच्या चौदाव्या वर्षी सुरू झालेली आणि २५४ आंतरराष्ट्रीय सामन्यांचा पल्ला गाठणारी ही कारकीर्द संपताना हॉकी इंडियाने तिचा २८ क्रमांकाचा पोशाखही निवृत्त केला व दहा लाख रुपयांचे पारितोषिक दिले. सन्मानाला ती सर्वस्वी पात्र होती याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अशा प्रसंगी होणाऱ्या गौरवाच्या गजरात एक साधा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. हा खेळाडू घडविण्याचा खर्च कोणी सोसला, आणि तो सोसताना बुडण्याचा धोका कोणी पत्करला?

हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यातील शाहाबाद मारकंडा हे तिचे गाव. वडील हातगाडी ओढत. दिवसाकाठी ऐंशी रुपये मिळाले तर मिळाले. घराजवळच्या मैदानावर मुली हॉकी खेळत, ते पाहत राहणे हेच तिचे पहिले प्रशिक्षण. काठी विकत घेणे वडिलांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून एक मोडकी काठी घेऊन ती सराव करू लागली. तोकडा स्कर्ट घालून मुलगी पळणार हे घरच्यांना मंजूर नव्हते. तेव्हा सलवार-कमीज घालून ती धावली. पहाटे मैदानावर पोहोचायचे, तर घरात घड्याळ नाही. आई आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहून वेळेचा अदमास घेई आणि मुलीला उठवी. हे सर्व राणीने स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यातील दुधाची हकिगत तर सर्वश्रुत आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध आणावे असा नियम होता. घरची ऐपत दोनशे मिलिलिटरची. उरलेली जागा ती पाण्याने भरी आणि कोणाला कळू नये म्हणून मुकाट्याने पिऊन टाकी.

हा प्रसंग भाषणांतून जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. तथापि त्याकडे हिशेबाच्या दृष्टीनेही पाहता येते. तीनशे मिलिलिटर दुधाची ती तूट त्या मुलीने आपल्या शरीरातून भरून काढली. काठी, बूट, कपडे यांची तूट प्रशिक्षक बलदेवसिंग यांनी भरून काढली. त्यांनी तिला साहित्य घेऊन दिले, काही काळ आपल्या कुटुंबात ठेवून घेतले आणि तिच्या आहाराचीही व्यवस्था पाहिली. द्रोणाचार्य पुरस्कार मिळविलेला हा प्रशिक्षक शाहाबादसारख्या गावात होता, हा त्या मुलीच्या नशिबाचा भाग. मुलीच्या घडणीतले पहिले भांडवल या दोन घरांतून आले. एका स्पर्धेत पाचशे रुपये बक्षीस मिळाले, ते तिने वडिलांच्या हातावर ठेवले. एवढी रक्कम एकत्र त्यांनी त्यापूर्वी हातात धरली नव्हती. या गुंतवणुकीवरचा पहिला परतावा तो.

त्यानंतरचे परतावे मात्र देशाच्या खात्यावर जमा होत गेले. २००८ साली रशियातील कझान येथे ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ती भारताकडून प्रथम खेळली. २०१० साली अर्जेंटिनातील रोसारिओ येथे विश्वचषक झाला, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. भारत नववा आला, पण सात गोल करणारी ही मुलगी स्पर्धेतील सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. २०१३ मध्ये जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख येथे कनिष्ठ गटाच्या विश्वचषकात भारतीय मुलींनी इंग्लंडला हरवून कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिच्याकडेच गेला.

भारतीय महिला हॉकीचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय या यशाचे मोल ध्यानात येणार नाही. महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती १९८० साली, मॉस्को येथे. अनेक देशांच्या बहिष्कारामुळे सहाच संघ उतरले होते. भारत चौथा आला. पुण्याची एलिझा नेल्सन त्या संघात होती. दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत तिच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. पुण्या-मुंबईच्या मैदानांवरून आलेल्या मुलींचे त्या काळी या खेळात चांगले वजन होते, याचा आज आपल्याकडे बहुतेकांना विसर पडला आहे. त्यानंतर मात्र छत्तीस वर्षे भारतीय मुलींना ऑलिंपिकचे दार उघडले नाही. खेळ कृत्रिम हिरवळीवर गेला. ती हिरवळ महाग, आणि आपल्याकडे ती मोजक्या शहरांत. मातीवर आणि गवतावर घडलेल्या मुली परदेशी मैदानांवर वेगात मागे पडत राहिल्या. मध्यंतरी २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले, त्यावर पुढे चित्रपटही निघाला. पण पडद्यावरच्या टाळ्यांनी मैदाने तयार होत नसतात.

छत्तीस वर्षांनी, २०१६ साली, रिओ येथे संघ पोहोचला तो शेवटच्या क्रमांकावर राहण्यासाठी. पहिल्या सामन्यात जपानशी २-२ अशी बरोबरी झाली, त्यातला एक गोल राणीचा. उरलेले चारही सामने भारताने गमावले. बारा संघांत बारावा. पुढे राणी कर्णधार झाली आणि २०१७ साली जपानमधील काकामिगाहारा येथे चीनला हरवून भारताने आशिया चषक जिंकला. २०१८ मध्ये लंडनच्या विश्वचषकात उपउपान्त्य फेरी आणि जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळाले.

२ नोव्हेंबर २०१९ ची भुवनेश्वरची रात्र मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. टोकियोच्या प्रवेशासाठी अमेरिकेशी दोन सामने होते व दोहोंतील गोलांची बेरीज निर्णायक ठरणार होती. पहिला सामना भारताने ५-१ असा जिंकला. चार गोलांची आघाडी म्हणजे प्रवेश निश्चितच, असे कोणालाही वाटावे. दुसऱ्या दिवशी मध्यंतरापर्यंत अमेरिकेने चार गोल चढविले. बेरीज पाच-पाच. प्रेक्षागृह स्तब्ध. अशा वेळी संघ कोसळतात. भारतीय संघ तर पूर्वी अनेकदा कोसळलेला. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणीने गोल केला आणि ६-५ अशा बेरजेने भारत टोकियोला गेला. सामना १-४ ने हरूनही ध्येय गाठल्याचे असे उदाहरण विरळाच.

टोकियोची स्पर्धा साथीमुळे २०२१ मध्ये झाली. नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन यांच्याकडून ओळीने तीन पराभव झाले, तेव्हा रिओचीच पुनरावृत्ती होणार असे दिसत होते. पण आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांना हरवून संघ उपउपान्त्य फेरीत पोहोचला आणि तेथे गुरजित कौरच्या एकमेव गोलाने ऑस्ट्रेलिया गारद झाली. उपान्त्य फेरीत अर्जेंटिनाने २-१ असे हरविले. कांस्यपदकाच्या लढतीत ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ अशी आघाडी घेऊनही अखेर ब्रिटन ४-३ ने जिंकले. मॉस्कोप्रमाणेच चौथा क्रमांक. पण या वेळी जगातील सर्व बलाढ्य संघ समोर असताना मिळविलेला.

यानंतर हरियाणा सरकारने आपल्या राज्यातील या खेळाडूंना प्रत्येकी पन्नास लाख रुपये जाहीर केले. पद्मश्री व खेलरत्न हे सन्मान राणीला २०२० सालीच मिळाले होते. २०२३ मध्ये रायबरेली येथील रेल्वे डबा कारखान्याच्या हॉकी मैदानास तिचे नाव देण्यात आले. हे सर्व योग्यच. परंतु कालक्रम पाहावा. दुधात पाणी मिसळले जात होते तेव्हा शासन अनुपस्थित होते. कीर्ती आल्यावर ते उपस्थित झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर धोका संपल्यानंतर भांडवल आले. मुलीच्या बाराव्या वर्षी जे काही हजारांत झाले असते, त्याची भरपाई तिच्या सत्ताविसाव्या वर्षी लाखांत झाली.

‘गरिबीनेच तर खेळाडू घडतो’ असा युक्तिवाद या ठिकाणी हटकून केला जातो. तो वरवर भारदस्त असला तरी फसवा आहे. आपल्याला दिसते ती जी तगून राहिली ती. ज्या मुलींनी चौदाव्या वर्षी पाणी घातलेले दूध, मोडकी काठी आणि घरचा विरोध यांपुढे हात टेकले, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. लॉटरी लागलेल्या एकाची मुलाखत घेऊन लॉटरी हा चांगला धंदा आहे असा निष्कर्ष काढावा, त्यातलाच हा प्रकार. शाहाबादमध्ये बलदेवसिंग होते. ज्या गावात ते नव्हते, त्या गावातल्या राणीचे काय झाले?

अपवाद आहेत, ते मान्य केले पाहिजेत. हॉकीपटू मुलींना नोकरी देण्याचे काम रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या केले. राष्ट्रीय स्पर्धांतील रेल्वेच्या वर्चस्वाचे रहस्य पगाराच्या त्या खात्रीतच आहे. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले आणि एका अल्पउत्पन्न राज्याने श्रीमंत राज्यांना लाजवावे असे काम केले. पण ही मदत संघात आल्यानंतरची. नोकरी अठराव्या वर्षी मिळते. काठी नवव्या वर्षी लागते.

टोकियोनंतर राणीला दुखापतींनी घेरले. २०२२ च्या विश्वचषकाच्या संघात ती नव्हती, त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्याही नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे जपानकडून एका गोलाने हरल्यामुळे भारतीय मुलींचे पॅरिस ऑलिंपिक हुकले. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, महिलांची हॉकी इंडिया लीग प्रथमच भरली; तिच्या लिलावात उदिता दुहानला बत्तीस लाखांची बोली लागली. मुलींच्या हॉकीला बाजारभाव आला, ही स्वागतार्ह घटना आहे. मात्र लिलावात नाव येण्याआधीची दहा-बारा वर्षे कोणत्याही लिलावात मोजली जात नाहीत. ती अजूनही कोणा हातगाडीवाल्याच्या, शेतमजुराच्या, शिपायाच्या मिळकतीतूनच जातात. जिल्हा क्रीडा कार्यालयांच्या अंदाजपत्रकात स्पर्धांचा मंडप, हारतुरे आणि प्रवासभत्ता यांना रकाने असतात. सरावाला येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या अर्धा लिटर दुधासाठी मात्र रकाना काढावा लागेल. आणि तो काढण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.