जोड लागली का?

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरविषयी लिहावे, याला आमच्या घरी ‘नसता उद्योग’ म्हणतात. पण वाचकहो, ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हा विषय मुळीच जड जाणार नाही. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोड म्हणतात. दोन्ही एकाच षड्जात लावायच्या. त्यांत केसाएवढा फरक राहिला, तरी कानाला तो लगेच खुपतो. आमच्या थोरल्या बंधूंच्या गाडीतही अशीच एक जोड आहे.

गाडी म्हणजे राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०चा हा भारतीय अवतार एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणला. ३४७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून सिलिंडरला पुरवायचे, हे त्याचे काम. मूठ मात्र एकच! मुठीपासून निघालेल्या केबलला पुढे तीन फाटे फुटतात: दोन कार्ब्युरेटरांना, तिसरा तेलाच्या पंपाला. एका हुकमासरशी तिघांनी उठायचे.

गाडी जुनी झाली की केबली ताणतात. एक जरा सैल पडली, की त्या कार्ब्युरेटरमधली स्लाइड उशिरा उचलली जाते. मग एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा रेंगाळतो. जोडीतला एक बैल अंगचोर निघावा, तसे. गाडी थरथरते, पिकअप तुटक होतो आणि सगळे ओझे एकाच बाजूवर पडते.

बंधू गेले, पण वहिनींनी गाडी विकली नाही. यंदा पुतण्याने ती कोल्हापुराहून आंबा घाटाने रत्नागिरीस न्यायचे ठरवले. वहिनींनी त्याला अडवले नाही. मला एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, गाडी ठीक आहे ना, ते तुम्ही बघा.’’

बंधूंच्या जुन्या मिस्त्रींचा दंडक होता: आधी प्लग आणि पॉइंट, मग कार्ब्युरेटर. ह्या गाडीत दोन सिलिंडरांना पॉइंटचे दोन वेगळे संच आहेत. ठिणगीच वेळेवर पडत नसेल, तर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळून काय उपयोग? एअर फिल्टरही स्वच्छ हवा.

त्यानंतर केबली मुद्दाम सैल सोडायच्या, म्हणजे दोन्ही स्लाइडी आपापल्या स्क्रूवर टेकतात. इंजिन गरम करून दोन्ही सायलेन्सरांमागे थोड्या अंतरावर हात धरायचे. दोन्हींचे फुंकर सारखेच लागेपर्यंत ते स्क्रू हळूहळू फिरवायचे. झाले स्लो जुळवून.

खरी परीक्षा पुढे. इंजिन बंद करून, फिल्टर काढून, कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घालायचे आणि मूठ अगदी सावकाश फिरवायची. दोन्ही स्लाइडी एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. एक मागे राहिली, तर तिच्या डोक्यावरच्या ॲडजस्टरने केबलचा सैलपणा काढायचा. पूर्ण मूठ पिळल्यावरही दोन्ही एकदमच वर पोचल्या पाहिजेत.

शेवटी तेलाचा पंप. त्याच्या कप्पीवरची खूण जागेवर येते की नाही, ते पाहायचे. आणि हे कधीही विसरायचे नाही. तेल कमी पडले, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळून बसतो आणि मागचे चाक धावता धावता जाम होते. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय, ते वहिनींना सांगण्याची गरज नव्हती.

२०२० च्या १ एप्रिलपासून भारत-सहाचे प्रदूषणनियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोलचे माप आता संगणक ठरवतो. ते चांगलेच आहे. हवा स्वच्छ राहते. पण जुन्या गाडीला माणसाच्या बोटाशिवाय आणि कानाशिवाय गत्यंतर नाही.

पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. काकांच्या बोटावर त्याचा भरवसा कसा बसावा? त्याने सारख्याच जाडीची दोन ड्रिल बिटे दोन स्लाइडींखाली अडकवली आणि मूठ फिरवली. स्लाइडी उचलताच दोन्ही बिटे एकदम कलली. मग डोळे मिटून त्याने बोटाने तेच पुन्हा तपासले. तिसऱ्यांदा मी तपासले.

मगच मी वहिनींना सांगितले, ‘‘ठीक आहे. जाऊ द्या त्याला.’’