ट्रॅक्टरचे मीटर : यांत्रिक घ्यावे की विजेवरचे?



तोडलेला ऊस वाटेत पडून राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून हंगामात ट्रॅक्टर बंद पडणे परवडत नाही. इंजिन बिघडण्याआधी सूचना देणारे दोन काटे चालकाच्या समोरच असतात. एक ऑइलच्या दाबाचा, दुसरा पाण्याच्या तापमानाचा. जुन्या ट्रॅक्टरचे किंवा जीपचे हे मीटर बदलायचे झाले, तर कोणते घ्यावे?

यांत्रिक ऑइल मीटरपर्यंत बारीक नळीने इंजिनचे ऑइलच येते. मीटरच्या आत वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या बूर्दों यांनी १८४९ साली या युक्तीचे पेटंट घेतले. बॅटरी उतरली तरी हा काटा चालतो. मात्र नळी पत्र्यावर घासून फुटली, तर गरम ऑइल चालकाच्या पायावर येते आणि इंजिन कोरडे पडते. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी बुश घालावा व नळीला एक सैल वेटोळे ठेवावे. यांत्रिक तापमान मीटरची नळी कापता येत नाही. तुटली की मीटरच गेले.

विजेच्या मीटरला इंजिनवर सेंडर बसतो, तेथून फक्त तार येते. बसवायला सोपे. पण मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. सेंडरच्या आट्यांवर टेफलॉन टेप भरमसाट गुंडाळली तर अर्थिंग तुटू शकते. शिवाय तार तुटली, की बहुतेक तापमान मीटरचा काटा ‘थंड’ दाखवतो, मग इंजिन का उकळत असेना!

तेव्हा आमचे मत असे : ऑइलसाठी यांत्रिक मीटर, नळी नीट बसवून. तापमानासाठी विजेवरचे चालेल, पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. अर्धा तास ओझे ओढूनही काटा हलला नाही, तर तार तपासा. आणि हेही ध्यानात असू द्या, रेडिएटरचे पाणी पार गेले, तर सेंडर कोरडा पडून दोन्ही प्रकारचे मीटर फसवू शकतात. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी पाहणे चुकवू नये.

चालत्या इंजिनाचा ऑइलचा काटा एकदम खाली पडला, तर “कारखाना आलाच की, जाऊ तेवढं” म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा. तेवढे अंतर फार महागात पडते.