घरच्या ताकाचे आहारातील स्थान

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दुधाचा धंदा आता चांगला स्थिरावला आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने पूर्व भागात हिरव्या चाऱ्याची सोय झाली, संकरित गाई वाढल्या आणि गावोगाव दूध संकलन केंद्रे निघाली. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा येतो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सारेच दूध केंद्रावर जाऊ लागल्याने अनेक घरांतील डेरा व रवी माळ्यावर पडून आहेत. पूर्वी ज्या घरी दुभते असे, तेथून शेजाऱ्यांनाही ताक विनामूल्य मिळे. आज गाईच्या धन्याच्या मुलांच्या पानातही ते क्वचितच दिसते.

ताकात काय असते?

विरजणातील जिवाणू दुधातील साखरेच्या काही भागाचे आम्लात रूपांतर करतात. म्हणूनच ज्यांना दूध सोसत नाही, अशा पुष्कळांना दही-ताक सोसते. घुसळल्यावर स्निग्धांश व त्यातील 'अ' जीवनसत्त्व लोण्यात जाते. प्रथिने व चुना (कॅल्शियम) मात्र बहुतांशी ताकात उरतात. शाकाहारी माणसास सहसा कमी पडणारे 'ब-१२' जीवनसत्त्वही दही-ताकातून काही प्रमाणात मिळते. लोह मात्र त्यात नगण्य असते. त्यासाठी पालेभाज्या व कडधान्ये हवीतच.

पाणी बेताने घालावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकानुसार गाईच्या १०० ग्रॅम दह्यात ३.१ ग्रॅम प्रथिने व १४९ मिलिग्रॅम चुना असतो. तेवढ्याच पातळ ताकात हे आकडे अनुक्रमे ०.८ व ३० इतके खाली येतात. दोष ताकाचा नव्हे, पाण्याचा आहे. दह्याइतकेच पाणी घातल्यास २०० ग्रॅमच्या पेल्यातून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने व १५० मिलिग्रॅम चुना मिळतो. वाढत्या मुलांना व गरोदर स्त्रियांना असेच ताक द्यावे.

पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात नाचणी पिकते. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४४ मिलिग्रॅम चुना असतो. नाचणीच्या पिठात ताक कालवून केलेली आंबील हा म्हणूनच मोठा गुणकारी आहार आहे. उन्हात कांदा काढणाऱ्या व टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनाही बाटलीतील गोड पेयापेक्षा चिमूटभर मीठ घातलेले ताक हितकर होय. घामावाटे गेलेले पाणी व मीठ त्याने काही अंशी भरून निघते. रक्तदाबाच्या रोग्यांनी मात्र मीठ घालू नये.

स्वच्छतेची दक्षता

१. दूध उकळूनच विरजावे. कच्च्या दुधातून क्षय व सांसर्गिक गर्भपात या रोगांचे जंतू माणसास बाधू शकतात. ताकाच्या आंबटपणाने ते मरतीलच असे नाही.

२. दूध कोमट झाल्यावर लिटरला एक चमचा ताजे विरजण लावून भांडे झाकून ठेवावे.

३. ताकात घालावयाचे पाणी उकळून गार केलेले असावे. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

४. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही-ताक ठेवू नये. आम्लामुळे धातू त्यात उतरतो.

५. उन्हाळ्यात सकाळचे ताक त्याच दिवशी संपवावे.

सहा महिन्यांच्या आतील बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. जुलाब झाल्यास ताकावर विसंबून न राहता जलसंजीवनी द्यावी व दवाखाना गाठावा.

अवास्तव अपेक्षा नको

१९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबवलेल्या दुधाशी जोडला होता. तो तर्क पुढे सिद्ध झाला नाही. ताक हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. ते स्वस्त व सकस अन्न आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांच्या बैठकीत या विषयाची चर्चा घडवून आणावी. शेतकरी बंधू-भगिनींना एवढीच विनंती की, किटली भरण्यापूर्वी घरासाठी एक लिटर दूध बाजूला काढावे. त्यापासून मिळणाऱ्या पैशाची तूट थोडी भासेल. पण त्याच दुधाच्या ताकाने घरातील चार-पाच माणसांच्या जेवणास रोज पोषणाची जोड मिळेल. गाय आपली आहे. तिच्या दुधाचा पहिला वाटा आपल्या मुलांचा असावा.