गाडी शंभरला का थरथरते?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. या रस्त्यावर सपाटीला मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १००ची. एरवी ठाण्यात, नाशकात किंवा पुण्यात चाळीस-पन्नासच्या वर न जाणारी गाडी इथे तासन्‌तास एकाच वेगाने धावते आणि शहरात कधी जाणवलाच नव्हता असा दोष बाहेर येतो. ऐंशीपर्यंत सगळं ठीक असतं. नव्वदला स्टिअरिंग हातात थरथरू लागतं, शंभरला आरसा हलतो, सीटखाली कंप जाणवतो. एकशेवीसला गेलं की कित्येकदा तो कमीही होतो.

पुढचा प्रवास बहुतेकांचा सारखाच असतो. टायरवाला बॅलन्सिंग करून देतो. फरक पडत नाही, म्हणून अलाइनमेंट होतं. मग कोणी शॉकअप बदलायला सांगतो, कोणी चारही टायर. खर्च वाढत जातो आणि थरथर तिथेच राहते. हे टाळता येतं, कारण चाकाचा कंप हा अंदाजाने शोधायचा दोष नाही. तो किती वेगाला येतो, कुठे जाणवतो आणि काय केल्यावर बदलतो, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवली तर निम्म्याहून अधिक कारणं पाना हातात न घेताच बाद होतात.

तीस ग्रॅमचा धक्का

१८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या मोटारींमध्ये सर्रास दिसणारा टायर. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतं. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला साधारण साडेचार किलोच्या जोराने बाहेर खेचतं. ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते, म्हणून ॲक्सलला सेकंदाला चौदा धक्के बसतात. वेग निम्मा केला की जोर निम्मा होत नाही, पाव होतो. ताशी ५० ला तो जेमतेम सव्वा किलो उरतो. शहरात दोष लपतो तो यामुळेच.

मग १२० ला कंप कमी का होतो? चाक, हब आणि ब्रेक हा सगळा भार एका बाजूने टायरच्या हवेवर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर तोललेला असतो. या जोडणीची स्वतःची एक डोलण्याची गती असते आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला १० ते १५ वेळांच्या आसपास येते. वरच्या मापाच्या टायरला तेवढे फेरे ताशी ७० ते १०५ या टप्प्यात पडतात. तिथे दोन्ही गती जुळतात आणि लहानसा धक्का मोठा होऊन हाताला लागतो. त्यापुढे गेलं की जुळणी सुटते, कंप विरतो, पण मूळचा जोर मात्र ४४ टक्क्यांनी वाढलेला असतो. ‘एकशेवीसला गाडी मस्त चालते’ म्हणून त्या वेगाने दामटणारा चालक बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर आणखी भार टाकत असतो.

मोटारीच्या इतिहासातही ही थरथर मोठी डोकेदुखी होती. १९२०च्या दशकात फुगीर, कमी दाबाचे टायर आले आणि पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या गाड्या वेगात झडझडू लागल्या. एक चाक उचललं की दुसरं वळायचं, ते वळलं की पहिलं पुन्हा उसळायचं. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेले मॉरिस ओली यांनी पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन देण्याचा आग्रह धरला आणि १९३४च्या मॉडेलांत ते रस्त्यावर आलं. जुन्या जीप आणि सुझुकीची जिम्नी यांना पुढचा ॲक्सल अखंडच आहे. तो कच्च्या वाटेवर कामाचा, पण अशा गाड्यांत टायरचा तोल आणि स्टिअरिंगचे सांधे यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न, कंप कुठे जाणवतो? स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर बहुधा मागच्या.

दुसरा प्रश्न, तो गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी? मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग तोच ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकून पाहावा. कंप जसाच्या तसा राहिला तर तो चाकांकडून येतो. बदलला तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग पाहायला हवेत.

तिसरा प्रश्न, ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर काय होतं? चाकाचा तोल गेला असेल तर काहीच फरक पडत नाही. वेग घेताना थरथर आणि पाय उचलताच शांतता, असं झालं तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा झिजला असण्याची शक्यता मोठी. आणि कंप फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर टायरकडे पाहण्यात वेळ घालवू नये.

हे मोजूनही पाहता येतं. जर्मनीतल्या आखन तंत्रविद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकाने कंपाची गती दाखवतं. फोन शेजारी बसलेल्याने धरायचा. वर सांगितलेल्या मापाच्या टायरवर १०० च्या वेगाला आलेखात १४ हर्ट्झपाशी उंचवटा दिसला तर चाकाचा तोल किंवा टायरचा आकार. २८ पाशी दिसला तर टायर किंवा रिम लंबगोल झालेली असू शकते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत लांब प्रोपेलर शाफ्ट चाकापेक्षा साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याचा कंप पन्नासच्या पुढे सापडतो आणि कानाला घरघरीसारखा ऐकू येतो.

संशय चाकावर आला की पुढची चाचणी बिनखर्चाची आहे. त्याच बाजूची पुढची आणि मागची चाकं अदलाबदल करायची. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये. ती स्टिअरिंगमध्येच राहिली तर हब, डिस्क, शाफ्ट किंवा सांध्यात.

मशीन शून्य दाखवतं, तरीही

चाक सापडलं की आधी ते आतून पाहावं. पावसाळ्यात कोकणातून किंवा शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटतो आणि वाळून दगड होतो. धुताना बाहेरची बाजू चकचकीत होते, आतली तशीच राहते. तोलासाठी चिकटवलेलं वजन पडून गेल्याची खूणही तिथेच दिसते. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरसाठी ओतलेलं द्रव एका जागी साचलं तरी तोल जातो, म्हणून ते भरलेलं असेल तर बॅलन्सिंगवाल्याला आधी सांगावं.

त्यानंतर बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरवून आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांचा तोल बघायचा असतो. एकाच कडेला वजन लावलं तर चाक उसळायचं थांबेल, पण डावी-उजवीकडे लटपटेल. अलाइनमेंट हे वेगळं काम. त्याने गाडी एका बाजूला ओढणं आणि टायर तिरका झिजणं थांबतं. शंभरला येणारी थरथर त्याने जात नाही.

खरी अडचण सुरू होते ती मशीनने शून्य दाखवल्यानंतर. मशीन चाक शंकूच्या आधारे अगदी मधोमध पकडतं. गाडीवर ते तसं बसतंच असं नाही. मारुती स्विफ्टच्या आणि होंडा सिटीच्या चार नटांच्या रिमला नटांचं वर्तुळ सारखंच, १०० मिलिमीटरचं. पण मधलं भोक स्विफ्टला ५४.१ आणि सिटीला ५६.१ मिलिमीटर लागतं. म्हणजे सिटीच्या मापाचे अलॉय स्विफ्टवर बसतात, पण हबभोवती फट उरते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक अलॉयचं भोक तर ७३.१ मिलिमीटर असतं. टायरसह १६ किलोचं चाक केंद्रापासून फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर त्याचा परिणाम रिमच्या कडेला ८० ग्रॅमहून अधिक वजन लावल्यासारखा होतो. हा दोष मशीनला दिसत नाही. उपाय म्हणजे मापाची हब रिंग आणि त्या रिमच्या सीटला जुळणारे नट, शंकूच्या सीटला शंकूचे आणि गोल सीटला गोल. नट हवेच्या गनने एकामागोमाग करकचून न आवळता समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार आवळावेत.

दुसरं छुपं कारण टायरच्या आत असतं. टायर वजनाने समतोल असला तरी त्याची एक बाजू दुसरीपेक्षा कडक असू शकते. रस्त्यावर दाबला गेला की प्रत्येक फेऱ्यात तो कडक भाग गाडी उचलतो. नव्या टायरवर लाल ठिपका असेल तर तो बहुधा हीच जागा दाखवतो आणि पिवळा ठिपका हलकी बाजू. पिवळा ठिपका हवा भरायच्या व्हॉल्व्हजवळ ठेवतात, तर लाल ठिपका रिमच्या सर्वांत खोल जागेशी जुळवतात. हंटर कंपनीच्या ‘रोड फोर्स’ मशीनमध्ये एक रोलर टायरला दाबून फिरवतो आणि कडकपणातला हा फरक मोजतो. ते जवळ नसेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवणं आणि पुन्हा बॅलन्सिंग करणं एवढं तरी करून घ्यावं.

खड्ड्यात आपटलेली रिम वाकली आहे का, हे चाक जॅकवर फिरवून आणि डायल गेज लावून दिसतं. महिनाभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, ते मात्र वीस-तीस किलोमीटर चालल्यावर गरम होऊन बरेचदा आपोआप गोल होतात.

ब्रेकवर पाय ठेवताच

बोरघाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग झटके देतं आणि मिस्त्री म्हणतो, ‘डिस्क वाकली.’ बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी एका जागी जास्त, एका जागी कमी झालेली असते आणि ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो. तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पेडल दाबून धरलं की पॅडचा थर एका जागी चिकटतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत हबच्या तोंडावर गंज धरतो. तो न घासता नवी डिस्क बसवली तर ती तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच तक्रार परत येते. डिस्क बदलताना हब स्वच्छ करून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरायलाच हवा.

बेअरिंग, टाय रॉडचं टोक, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश यांत खेळ आला किंवा शॉकअप थकला की लहान कंपही मोठा होतो. हे भाग सहसा स्वतः कंप निर्माण करत नाहीत, वाढवतात. त्यामुळे शॉकअप बदलून थरथर कमी झाली तरी टायरचा तोल तपासायचा राहिलेला असू शकतो.

थांबावंच लागतं अशा खुणा

काही वेळा गॅरेजपर्यंत जाण्याचाही धोका घेऊ नये. टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तीस-चाळीसच्या वेगालाही गाडी डुलत असेल, कंप काही किलोमीटरमध्ये वाढत चालला असेल किंवा पंक्चर काढल्यानंतर ठकठक येत असेल, तर सुरक्षित जागा पाहून थांबावं. टायरच्या आतले पट्टे सुटत असतील तर पुढची पायरी टायर फुटण्याची असते. नट सैल असतील तर चाक निघण्याची. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर तो कायद्यानेही बाद आहे. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का त्याचं वय सांगतो: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.

दिवाळीच्या सुट्टीत लांब निघण्याआधी गाडी गॅरेजला देणार असाल, तर ‘गाडी हलते’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, हातात की सीटखाली, ब्रेकवर की ॲक्सिलरेटरवर, आणि शेवटचं टायरचं काम केव्हा झालं, हे कागदावर लिहून द्या. मिस्त्रीला शक्यतो सोबत घेऊन त्याच वेगाला गाडी चालवून दाखवा आणि कारण सांगितल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका.