लिस्बन : एका वृद्ध इंजिनिअरचे शहर

लिस्बनला गेलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ट्राम पकडू नये, असे माझे मत आहे. आधी शहराच्या पूर्वेकडच्या जुन्या मठात जावे. तिथल्या टाइल-संग्रहालयात निळ्या-पांढऱ्या टाइलांचे सुमारे 23 मीटर लांबीचे एक चित्र आहे. तेजो नदीत उभे राहून पाहावे तसे अख्खे लिस्बन त्यात पसरले आहे : राजवाडे, चर्चचे मनोरे, काठाला लागलेली गलबते, एकमेकांना चिकटलेली शेकडो घरे. चित्र साधारण 1700 सालचे. नदीकाठी राजाचा रिबेइरा राजवाडा दिसतो. गोवा, कोची, मलाक्का इथून आलेल्या मालाचा हिशेब ठेवणारी 'काझा दा इंडिया' ही कचेरी त्याच आवारात होती. हे चित्र डोळ्यांत साठवून मग शहराच्या मध्यभागी उतरले, की त्यातले जवळजवळ काहीच सापडत नाही.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण असल्याने सकाळी चर्चे भरलेली होती, वेदींवर मेणबत्त्या लागलेल्या होत्या. साडेनऊनंतर जमीन हादरली. घरे कोसळू लागली तशी माणसे मोकळ्या जागेच्या ओढीने नदीकाठी धावली. तिथे पाणी आधी मागे हटले आणि मग लाटा होऊन त्यांच्या अंगावर आले. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे काही दिवस धुमसत होती. किती माणसे गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण आकडा हजारोंत आहे. जेमतेम सात महिन्यांपूर्वी उघडलेले भव्य ऑपेराघर गेले, राजाचा ग्रंथसंग्रह गेला, काझा दा इंडियाची कागदपत्रे गेली. व्होल्तेअरपासून कांटपर्यंत युरोपातले विचारवंत या एका सकाळीवर लिहीत राहिले. ती कहाणी सर्वांना माहीत असते. लिस्बनमध्ये हिंडताना मला जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या एका माणसाची.

त्या दिवसानंतर शहर पुन्हा उभे करण्याचे श्रेय इतिहासाने मंत्री पोंबालला दिले आहे. मोठ्या चौकात उंच खांबावर, शेजारी सिंह घेऊन तो उभा आहे. पोंबालकडे सत्ता होती, धडाडी होती आणि निर्दयपणाही होता. भूकंप हा देवाचा कोप आहे असे छापून सांगणाऱ्या मालाग्रिदा या वृद्ध जेझुइट पाद्रीला 1761 मध्ये भर चौकात मृत्युदंड झाला. पण शहर पुन्हा कसे बांधावे याचा विचार मानुएल द माइयाने केला. राज्याचा हा मुख्य अभियंता तेव्हा 78 वर्षांचा होता. डोंगरांतून शहरात पाणी आणणाऱ्या उंच कमानींच्या कालव्याच्या कामावर त्याने आधी वर्षे घालवली होती. आल्कांताराच्या दरीतल्या त्या कमानी भूकंपातही उभ्या राहिल्या आणि उद्ध्वस्त शहराला पाणी मिळत राहिले.

4 डिसेंबरला, म्हणजे महिना उलटताच, माइयाने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. त्यात पाच पर्याय होते. शहर होते तसेच बांधावे. त्याच जागी पण रस्ते रुंद करून बांधावे. रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करावी. मधला सखल भाग पूर्ण सपाट करून नव्याने आखावा. किंवा हे सारे सोडून बेलेमला नवे शहर वसवावे. प्रत्येक पर्यायाचा खर्च, अडचणी, जमीनमालकांचे हक्क यांचा विचार त्यात आहे. ढिगाऱ्याखाली प्रेते असताना इतक्या शांतपणे विचार करणाऱ्या या म्हाताऱ्यापुढे मी मनोमन हात जोडतो.

निवड झाली ती चौथ्या पर्यायाची. एउजेनिओ दुश सांतुश आणि हंगेरीहून आलेला कार्लुश मार्देल यांनी आराखडे काढले आणि आजची 'बाइशा' उभी राहिली : काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, एकसारख्या दर्शनी भिंती, सोनार, चांभार, कापडवाले अशा धंद्यांच्या नावाचे रस्ते. पाहुण्यांना हे जरा रुक्ष वाटते. पण या घरांचे खरे सौंदर्य गिलाव्याच्या आत आहे. उभ्या, आडव्या आणि तिरक्या लाकडांची फुली-फुलीची चौकट करायची आणि मधल्या जागा दगड-चुन्याने भरायच्या. धक्का बसला की लाकूड लवते, आणि भिंतीचा दगड ढासळला तरी मजले तोलून धरले जातात. या चौकटीला तिथे 'गाइओला', म्हणजे पिंजरा म्हणतात. तिचा नमुना बांधून त्याभोवती सैनिकांना धाडधाड चालवून परीक्षा घेतली, असे परंपरेने सांगितले जाते. घराघरांमध्ये छपराच्या वर जाणाऱ्या आगरोधक भिंतीही घातल्या. राजा जुझे मात्र पुन्हा दगडी छताखाली राहायला धजला नाही. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडी राजवाडा बांधला.

कोर्रेइरोसच्या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली हे सारे हाताच्या अंतरावर दिसते. वाटाड्याबरोबर खाली उतरले की आधी रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या दगडी टाक्या लागतात आणि पुढे दिसतात ओल्या मातीत ठोकलेले पाइनचे खुंट. बाइशा नदीच्या गाळावर आहे, म्हणून घरांचा पाया या खुंटांवर घातला. ते पाण्यात बुडालेले असले तर टिकतात. भूजल उतरून हवा लागली की कुजतात. वर रस्त्यावर दुकाने थाटताना तळमजल्याच्या आतल्या भिंती काढल्या गेल्या, जुन्या घरांवर मजले चढले. पिंजऱ्याची एक बाजू कापली तर पिंजरा कसला? तिथल्या अभियंत्यांना याची काळजी आहे. जुन्या घरांतून काढलेल्या अशा भिंती त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन तपासल्या आहेत.

वर टेकडीवर कार्मोचे चर्च बिनछपराचे आहे. कमानी आकाशात उघड्या आणि खाली गवत. पुष्कळांना ते मुद्दाम राखलेले स्मारक वाटते. प्रत्यक्षात 1756 मध्ये त्याची बांधणी पुन्हा सुरू झाली होती. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि काम अर्धवट राहिले. 1864 पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

माइयाचे तिसरे काम आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. तो राज्याच्या दप्तरखान्याचाही प्रमुख होता. साओ जॉर्ज किल्ल्यातल्या ज्या बुरुजात हे दप्तर होते, तो भूकंपात कोसळला. माइयाने ढिगाऱ्यातून कागद काढवले, किल्ल्याच्याच पटांगणात लाकडी खोपटे उभारून त्यांत ठेवले आणि 1757 मध्ये साओ बेंतोच्या मठात हलवले. शहराची आखणी आणि कागदांची राखण, दोन्ही कामे तो एकाच वेळी करत होता. 1768 मध्ये तो वारला.

'तोर्रे दो तोंबो' हे त्या बुरुजाचे नाव घेऊन दप्तर 1990 पासून विद्यापीठ परिसरातल्या इमारतीत आहे. भूकंपानंतर पाद्र्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीची उत्तरे तिथे मिळतात : धक्का किती वेळ टिकला, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला. आणि तिथेच गोव्याची 62 बाडेही आहेत. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांवर येणारी राजाची पत्रे आणि त्यांना गेलेल्या उत्तरांच्या नकला गोव्याच्या सचिवालयाने जपल्या होत्या. त्यांतली ही बाडे 1777 मध्ये लिस्बनला नेली. काझा दा इंडियाबरोबर जे जळले, त्याची थोडी भरपाई अशी गोव्यातून झाली. उरलेली बाडे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. त्याच दप्तरातून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडात आणला. सतराव्या शतकातल्या कोकणाचा अभ्यास करणाऱ्याला म्हणून पणजी आणि लिस्बन ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.