गोल्फचा चेंडू दूर का जातो?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गोल्फच्या चेंडूवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपले बालपण विटीदांडू आणि क्रिकेट यांत गेलेले. गोल्फ आपण पाहिला तो बहुधा कुंपणाबाहेरून. पण हा चेंडू एकदा हातात घेऊन पाहावा. वजन जेमतेम ४६ ग्रॅम, व्यास सुमारे ४३ मिलिमीटर, आणि अंगभर तीनशे ते पाचशे बारीक खळगे. इतक्या निगुतीने बनवलेली वस्तू अशी खडबडीत का ठेवली असावी? चांगला गुळगुळीत चेंडू हवा कापत अधिक दूर गेला नसता का? व्यवहारबुद्धी ‘हो’ म्हणते. खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते कसे सापडले, याची हकीकत मनोरंजक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू तयार करीत. १८४८ च्या सुमारास गटापार्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेले, चेंडू आले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि गुळगुळीतही होते. पण कोरा चेंडू हवेत धड टिकेना. तोच खेळून खेळून ओरखडे पडले, की अधिक सरळ आणि दूर जाई! खेळाडू कारणासाठी थांबले नाहीत. कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडू लागले. पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज गृहस्थांनी खळग्यांच्या चेंडूच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आता यामागचे कारण पाहू. वेगाने जाणाऱ्या चेंडूच्या अंगालगत हवेचा एक पातळ थर वाहत असतो. या थराची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. गुळगुळीत चेंडूवर हा थर संथ असतो. तो चेंडूच्या मध्यापर्यंत कसाबसा पोहोचतो आणि तेथेच सुटा होतो. मग पुराच्या वेळी पुलाच्या खांबामागे पाणी घुमते, तशी चेंडूमागे हवा घुमू लागते. तेथला दाब कमी झाल्याने चेंडू जणू मागे ओढला जातो. खळग्यांमुळे मात्र थरात खळबळ माजते. बाहेरच्या वेगवान हवेतून त्याला जोर मिळतो व तो चेंडूच्या पाठीला अधिक चिकटून राहतो. मागची घुमणारी हवा अरुंद पट्ट्यात आवरली जाते, आणि विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो.

पण ही झाली निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी उलगडली. टेट हे पदार्थविज्ञानाचे नामांकित अध्यापक आणि गोल्फचे वेडे. त्यांचा मुलगा फ्रेडरिक तर १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता. ‘अमुक अंतरापलीकडे चेंडू जाऊच शकत नाही’ असे बापाने गणिताने सिद्ध केले आणि मुलाने एका तडाख्यात ते खोटे पाडले, अशी गोष्ट गोल्फवाले आवडीने सांगतात. ती फुगवलेली आहे. टेट यांचे ते गणित न फिरणाऱ्या चेंडूपुरते होते. त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, तिचे दुसरे टोक पक्के केले, आणि चांगल्या खेळाडूकडून चेंडू जवळच्या घट्ट मातीच्या भिंतीत मारवला. फितीला पडलेले पीळ मोजले, तेव्हा चेंडू सेकंदाला ४० ते १२० फेरे घेतो असे दिसले.

ही फिरकी उलटी असते. चेंडूचा माथा मागे वळत असतो. त्यामुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. फिरत्या वस्तूवरील या परिणामाला १८५२ मध्ये प्रयोग करणाऱ्या माग्नुस यांचे नाव आहे. याचे महत्त्व आकड्यांत पाहा. निष्णात खेळाडूचा चेंडू सेकंदाला ७५ मीटर वेगाने, जमिनीशी सुमारे ११ अंशांचा कोन करून सुटतो. हवा नसती, तर तो तीनच सेकंदांत २१५ मीटरांवर पडला असता. प्रत्यक्षात तो सहा सेकंद अधांतरी राहतो आणि २५० मीटरांचा पल्ला गाठतो. म्हणजे जी हवा आडवी येते, तीच त्याला पाठीवर घेऊनही जाते!

मग पल्ला वाढवायचा कसा? पहिली गोष्ट वेग. काठीचे डोके सेकंदाला ५० मीटर वेगाने आले, तर चेंडू ७५ मीटरांच्या वेगाने सुटू शकतो. पण त्यासाठी तो डोक्याच्या नेमक्या मध्यावर लागला पाहिजे. दोघांची भेट अर्ध्या सहस्रांश सेकंदाची, तीत चुकीला क्षमा नाही. म्हणून नवशिक्याने दातओठ खाऊन मारण्यापेक्षा नीट मध्यावर मारावे. अंतर आपोआप वाढते. दुसरी गोष्ट कोन आणि फिरकी यांचा मेळ. फिरकी फार कमी असेल, तर चेंडू लवकर खाली येतो. फार जास्त असेल, तर तो उगाच उंच चढतो आणि पुढे जाण्याऐवजी जागीच कोसळतो. लांब फटक्यासाठी चेंडू लहानशा खुंटीवर ठेवून काठी किंचित वर जात असताना मारतात, ते याचसाठी: कोन वाढतो आणि फिरकी आटोक्यात राहते.

फ्रेडरिक टेट ७ फेब्रुवारी १९०० रोजी बोअर युद्धात मारला गेला. तो अवघा तीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याचे वडीलही गेले. फिरकी म्हणजे दोषच, असे टेट यांना तरुणपणी शिकवले गेले होते. खरे काय ते उमगेपर्यंत खेळायचे वय सरून गेले, अशी प्रांजळ कबुली त्यांनी लिहून ठेवली आहे. परीक्षेत आपण शिकवलेलेच उत्तर लिहितो आणि गुण मिळवतो. या वृद्ध प्राध्यापकाने मात्र शिकवलेले उत्तर खोडले आणि फितीचे पीळ मोजले. गोल्फची काठी आपल्या हाती कधी येईल न येईल. ती फीत तेवढी विसरू नये.