माहिती चौकट : फार्न्सवर्थ गृहाचा मालकीहक्क

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, प्लेनो या लहानशा गावाबाहेर, फॉक्स नदीच्या अगदी काठाला, शिकागोच्या डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या मूत्रपिंडविकारतज्ज्ञ विदुषींसाठी लुडविग मीस व्हान डर रोह यांनी उभारलेली आणि १९५१ साली पूर्ण झालेली ही वास्तू म्हणजे पोलादाचे आठ खांब, त्यांनी तोललेली जमीन व छत, आणि सभोवार नुसती काच; ट्रॅव्हर्टाइन दगडाची फरशी आतून थेट बाहेरच्या ओट्यापर्यंत तशीच चालत जाते. पुराच्या धास्तीने ही फरशी भूमीपासून ५ फूट ३ इंच उचलून घेतली होती खरी, पण नदीने तो हिशेब जुमानला नाही : १९९६ मध्ये तावदाने फोडून पाणी आत घुसले, २००८ मध्येही शिरले.

खर्चाच्या वाढत्या रकमेवरून मालकीणबाई व स्थपती यांच्यात कोर्टात दावे गुदरले गेले; चहूबाजूंनी उघड्या घरात एकान्त मिळत नाही ही बाईंची तक्रार तर आम्हांस मुळीच गैरवाजवी वाटत नाही. १९७२ साली लंडनचे धनिक पीटर पालुम्बो यांनी ते विकत घेतले. पुढे डिसेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ते निघाले, तेव्हा एखादा खरेदीदार ते सुटे करून अन्यत्र हलवील या भयाने वास्तुसंरक्षक संस्थांनी वर्गणी जमवून सुमारे ७५ लाख डॉलरांस ते सोडवले. हल्ली ठरावीक हंगामात, शुल्क भरून, ते कोणालाही पाहता येते.